लघवी गळती आणि लेझर: वरून शिजलं, आत कच्चं

फेब्रुवारीत आठवडाभर गावी होते. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. हळदीची काढणी जोरात चालू होती. एका रात्री जेवणं झाल्यावर आत्यानं मला मागच्या पडवीत बोलावलं आणि मोबाइल पुढं केला. त्यावर एका दवाखान्याची जाहिरात होती. खोकताना, शिंकताना, हसताना लघवी होते? लेझरनं वीस मिनिटांत उपचार. टाके नाहीत, भूल नाही, त्याच दिवशी घरी.

आत्या म्हणाली, “तू लेझरचंच शिकायलीस ना? मग सांग, हे खरं हाय का?”

तिला हा त्रास अकरा वर्षांपासून आहे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. तिसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झाला. टोपलं उचललं की थेंब जातात, खोकल्याची साथ आली की दिवसातून दोनदा साडी बदलावी लागते. तिनं दवाखान्यात फोनही केला होता. तीन बैठकांचे जे पैसे सांगितले, ते तिच्या गेल्या वर्षीच्या हळदीच्या पट्टीच्या जवळपास निम्मे होते.

मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. माझं पीएचडीचं काम प्रकाश शरीराच्या उतीतून कसा जातो आणि कुठं किती उष्णता सोडतो, यावर आहे. म्हणजे प्रश्न माझ्याच अंगणातला होता. परत आल्यावर मी या विषयावरचे शोधनिबंध नीट लावून वाचले. हा लेख म्हणजे आत्याला द्यायचं राहिलेलं उत्तर. एक गोष्ट आधीच सांगते: मी डॉक्टर नाही. कुणाला कोणता उपचार द्यावा हे मी सांगणार नाही. पण ‘पुरावा आहे’ असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा तो पुरावा कसा आहे, हे तपासणं माझ्या कामात बसतं.

निकालही आधीच सांगते. लेझरची कल्पना वेडगळ नाही. पण आज बाजारात जे विकलं जातंय, ते वरून शिजलेल्या आणि आतून कच्च्या हळदीसारखं आहे.

नेमकं बिघडतं काय

डॉक्टर याला ‘स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स’ म्हणतात. यातला स्ट्रेस म्हणजे मनावरचा ताण नव्हे. पोटावर येणारा दाब. खोकला, शिंक, हसणं, वजन उचलणं यांनी पोटातला दाब एकदम वाढतो आणि लघवी निसटते. लघवीची एकदम घाई होऊन वाटेतच होणं, हा वेगळा प्रकार. दोन्ही एकत्रही असू शकतात. जाहिरातीत हा फरक सहसा नसतो, आणि उपचाराच्या दृष्टीनं तोच पहिला प्रश्न आहे.

दाब आला तरी लघवी का थांबते? शेतातला पाण्याचा पाइप डोळ्यांपुढं आणा. पाइप फरशीवर असेल आणि वर पाय दिला, तर पाणी थांबतं. तोच पाइप चिखलात असेल तर पायाबरोबर रुतत जातो आणि पाणी वाहतच राहतं. मूत्रमार्गाच्या खाली अशीच एक ‘फरशी’ असते: योनीमार्गाची पुढची भिंत, तिच्यामागचा घट्ट पडदा आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. जॉन डिलान्सी या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1994 मध्ये या आधाराची मांडणी झोळीच्या रूपात केली, आणि बाळंतपणात ही झोळी कशी सैल होते यावर पुढं बरंच काम झालं.

पण गोष्ट इथं संपत नाही. 2008 मध्ये डिलान्सी यांच्याच गटानं गळती असलेल्या आणि नसलेल्या बायकांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात सगळ्यात ठळक फरक झोळीत नव्हता, मूत्रमार्गाच्या स्वतःच्या आवळण्याच्या ताकदीत होता. गळती असलेल्या बायकांमध्ये हा दाब सरासरी 42 टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे दोन गोष्टी बिघडू शकतात: खालची फरशी आणि पाइपाची स्वतःची पकड. पकड ही मुख्यतः स्नायू आणि नसांची गोष्ट आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मधली वाट हवी, हे खरं

लेझरवर टीका करण्याआधी त्याची बाजू नीट मांडायला हवी. या आजारावर एका टोकाला व्यायाम आहे आणि दुसऱ्या टोकाला शस्त्रक्रिया. 1996 मध्ये स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवण्याची पद्धत मांडली. ती जगभर पसरली आणि बऱ्याच बायकांना तिचा फायदाही झाला. पण काहींना जाळीचा भयंकर त्रास झाला. ब्रिटनमध्ये जुलै 2018 मध्ये योनीमार्गातून जाळी बसवण्याच्या शस्त्रक्रियांवर स्थगिती आली, आणि 2020 मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीनं बायकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं कशा उडवून लावल्या गेल्या, हे अहवालात लिहून ठेवलं.

म्हणून व्यायाम पुरत नाही आणि चिरफाड नको, अशा बाईसाठी मधली वाट शोधणं हे चांगलंच काम आहे. लेझरनं ती जागा भरायचा प्रयत्न केला. माझी तक्रार प्रयत्नाबद्दल नाही. प्रयत्न पुरा व्हायच्या आतच तो उपचार म्हणून विकायला काढला, याबद्दल आहे.

हळद शिजवताना काडी का घालतात

कल्पना अशी आहे. झोळी ज्या कोलॅजननं बनलेली असते, ते साधारण 60 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत तापवलं की त्याचे धागे आखडतात. शिवाय त्या उष्णतेनं शरीराची दुरुस्तीची यंत्रणा जागी होते आणि पुढच्या काही आठवड्यांत नवं कोलॅजन तयार होतं. म्हणून योनीमार्गात नळीसारखं उपकरण घालून भिंतीवर लेझर सोडतात. एका बैठकीला काही मिनिटं लागतात.

आता माझा प्रश्न: ती उष्णता पोचते कुठपर्यंत?

दवाखान्यांत मुख्यतः दोन लेझर वापरले जातात. एक अर्बियम याग, तरंगलांबी 2940 नॅनोमीटर. दुसरा कार्बन डायऑक्साइड, तरंगलांबी 10600 नॅनोमीटर. या दोन्ही तरंगलांबी पाणी फार जोरात शोषतं, आणि आपली उती बहुतांश पाणीच आहे. त्यामुळे अर्बियमचा प्रकाश सुमारे एका मायक्रॉनमध्ये संपतो, आणि कार्बन डायऑक्साइडचा दहा-पंधरा मायक्रॉनमध्ये. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा.

प्रकाश संपला म्हणजे उष्णता तिथंच थांबते, असं नाही. ती पुढं झिरपते. लहान लहान झोतांची मालिका सोडली तर पृष्ठभाग न जाळता उष्णता काहीशे मायक्रॉनपर्यंत नेता येते. कार्बन डायऑक्साइडच्या एका पद्धतीत बारीक छिद्रं पाडून थोडं आणखी आत जातात. पण योनीमार्गाची भिंतच दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन-तीन हजार मायक्रॉन जाड. आणि आपल्याला हवी असलेली झोळी बरीचशी त्या भिंतीच्या पलीकडं आहे.

हळद शिजवलेल्या कुणालाही हे समजेल. कुकरमधून काढलेली कुडी वरून मऊ लागते, पण अनुभवी माणूस तेवढ्यावर थांबत नाही. तो काडी टोचून बघतो. काडी आत गेली नाही तर वरचा मऊपणा फसवा आहे. लेझरच्या बहुतेक अभ्यासांत ही काडी टोचलेलीच नाही. उपचारानंतर वरच्या थराचा नमुना घेऊन कोलॅजन वाढल्याची छायाचित्रं दाखवली जातात. पण ज्या थरानं मूत्रमार्गाला आधार द्यायचा, तो किती तापला आणि सहा महिन्यांनी किती घट्ट राहिला, याची मापं फारशी दिसत नाहीत. आपल्याकडं म्हणतातच, आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

त्यात वर सांगितलेली दुसरी गोष्ट मिळवा. पकड सैल असेल, नस दुखावलेली असेल, तर कोलॅजन कितीही आवळलं तरी पकड परत येणार नाही. कोणत्या बाईचं काय बिघडलंय हे न पाहता सगळ्यांना एकच झोत देणं, ही रचनेतली चूक आहे. फक्त लेझरची शक्ती वाढवून ती सुटणार नाही.

खोलवर जायचा प्रयत्न, आणि त्यातली अडचण

ही अडचण संशोधकांना दिसली नाही असं नाही. अमेरिकेत शार्लट इथल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात नेथॅनिएल फ्राइड यांच्या गटानं वेगळा रस्ता धरला. पाणी कमी शोषतं अशी, इन्फ्रारेडच्या अलीकडच्या टोकाची तरंगलांबी घ्यायची, म्हणजे प्रकाश काही मिलिमीटर आत जाईल. आणि त्याच वेळी पृष्ठभागाला टेकलेल्या थंड टोकानं वरचा थर गार ठेवायचा. मग सगळ्यात जास्त उष्णता पृष्ठभागाच्या खाली तयार होईल. त्यांनी 2017 मध्ये 1064 नॅनोमीटरच्या लेझरसाठी याची संगणकावर गणितं मांडली.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात विचारपूर्वक दिशा हीच आहे, कारण ती ‘कुठं तापवायचं’ या प्रश्नापासून सुरू होते. पण मीही रोज अशीच गणितं चालवते, म्हणून त्यांच्या मर्यादा सांगणं माझं काम आहे. संगणकात उती सरळ, सपाट थरांची असते. खऱ्या शरीरात ती घड्यांची असते, रक्त वाहत असतं आणि उष्णता घेऊन जात असतं, तीन बाळंतपणं झालेल्या बाईची भिंत आणि एक बाळंतपण झालेल्या बाईची भिंत सारखी नसते. शिवाय झोळीच्या लगेच पलीकडं मूत्रमार्ग आहे. दोन मिलिमीटर कमी गेलात तर उपयोग नाही, दोन मिलिमीटर जास्त गेलात तर जिथं भाजू नये तिथं भाजेल. तेव्हा आतलं तापमान चालू उपचारात मोजण्याची सोय नसेल, तर खोल जाणारा लेझर हा उथळ लेझरपेक्षा जास्त धोक्याचा आहे. सुधारणा म्हणायची तर ती आधी मोजण्यात हवी, मग शक्तीत.

आणि उष्णतेनं कोलॅजन आवळण्याचा एक जुना धडा आपल्यापुढं आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सैल झालेला खांदा याच तत्त्वानं घट्ट करायची लाट आली होती. दुर्बिणीतून आत जायचं, सांध्याभोवतीची पिशवी तापवायची, ती आखडते. टेबलावर ती आखडलेली डोळ्यांना दिसायची. पण तापवलेलं कोलॅजन सुरुवातीला कमकुवत असतं. बऱ्याच रुग्णांचा खांदा पुन्हा सैल झाला, काहींच्या सांध्यातली कूर्चा गेली, आणि पद्धत मागं पडली. डोळ्यांना दिसणारं आखडणं म्हणजे टिकणारा आधार नव्हे, हे तेव्हाच कळलं होतं.

दोन चाचण्या शेजारी ठेवून बघू

आता माणसांवरच्या पुराव्याकडं येऊ. लेझरचे बहुतेक अभ्यास असे आहेत: काही बायकांना उपचार दिला, आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली, गुण सुधारले, म्हणून लेझर चांगला. याला तुलनेचा गटच नाही.

तुलना का हवी, हे आत्याच्या उदाहरणावरून सांगते. तिचा त्रास सगळ्यात जास्त कधी? जानेवारी ते मार्च, काढणीत, टोपली उचलताना. ती दवाखान्यात जाणार ती तेव्हाच. समजा मार्चमध्ये उपचार केला आणि जूनमध्ये विचारलं, “आता कसं वाटतंय?” ती म्हणेल, “बरं हाय.” मेमध्ये टोपलीच उचलली नाही, तर बरं असणारच! शिवाय पैसे दिलेत, डॉक्टरांनी लक्ष दिलंय, पाणी जरा कमी प्यायला लागली आहे, खोकण्याआधी नकळत आवळायला शिकली आहे. यातलं लेझरचं किती? हे कळायचं असेल तर निम्म्या बायकांना खोटा उपचार द्यावा लागतो: तेच उपकरण, तोच आवाज, पण झोत नाही. आणि कुणाला काय मिळालं हे बाईला माहीत नसावं.

अशा दोन चाचण्या महत्त्वाच्या आहेत. पहिली स्लोव्हेनियातली, 2018 ची. 114 बायका, पाळी चालू असलेल्या, बाळंतपण झालेल्या. अर्बियम लेझरची एकच बैठक. तीन महिन्यांनी प्रश्नावलीनुसार लेझर मिळालेल्यांपैकी 21.4 टक्के पूर्ण कोरड्या होत्या, खोटा उपचार मिळालेल्यांपैकी 3.6 टक्के. हा फरक खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण नीट वाचा: पाचातल्या जवळपास चार बायका कोरड्या झाल्या नाहीत, आणि बघितलं फक्त तीन महिन्यांपर्यंत. जाहिरातीतला ‘कायमचा’ हा शब्द या चाचणीतून निघत नाही.

दुसरी ऑस्ट्रेलियातली, सिडनीच्या गटाची, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेली. 101 बायका, कार्बन डायऑक्साइड लेझरच्या महिन्याच्या अंतरानं तीन बैठका. तीन महिन्यांनी बायकांनी सांगितलेल्या गळतीत आणि तपासून पाहिलेल्या गळतीत, दोन्हींत खऱ्या आणि खोट्या उपचारात फरक निघाला नाही.

लेझर वेगळे, बायका वेगळ्या, त्यामुळे एक चाचणी दुसरीला खोडत नाही. पण दोन्ही मिळून जे सांगतात ते एवढंच: प्रश्न अजून उघडा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जुलै 2018 मध्येच इशारा दिला होता की योनीमार्गावर वापरली जाणारी ही ऊर्जा उपकरणं लघवी गळतीसाठी मंजूर नाहीत. भाजणं, व्रण आणि दीर्घकाळ दुखणं अशा तक्रारींचा उल्लेखही त्यात होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं मे 2021 मध्ये सांगितलं की हा उपचार फक्त संशोधनाचा भाग म्हणूनच द्यावा. म्हणजे संशोधनात द्या, दुकानात विकू नका. मला हेच बरोबर वाटतं.

आपल्याच जिल्ह्यातला दुसरा लेझर

गंमत बघा. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जगातल्या सर्वांत काटेकोर लेझर यंत्रांपैकी एक उभं राहणार आहे. लायगो-इंडिया, गुरुत्वीय लहरी टिपणारं केंद्र, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचं. केंद्रीय मंत्रिमंडळानं 2023 मध्ये त्यासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोचा लेझर 1064 नॅनोमीटरचा आहे. वर फ्राइड यांच्या गणितात आला, तोच आकडा.

या लायगोवाल्यांची एक गोष्ट मला फार आवडते. सप्टेंबर 2010 मध्ये त्यांच्या यंत्रात एक सुंदर संकेत दिसला. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने त्याचं विश्लेषण केलं, निबंधही लिहून तयार ठेवला. मार्च 2011 मध्ये बंद पाकीट उघडलं, तेव्हा कळलं की तो संकेत त्यांच्यातल्याच मोजक्या लोकांनी मुद्दाम घातलेला होता. बाकीच्यांची परीक्षा घ्यायला. आपण खरा संकेत आणि आपली इच्छा यात फरक करू शकतो का, हे बघायला. खऱ्या लहरी 2015 मध्ये सापडल्या, तेव्हाही पाच महिने तपासून मगच जाहीर केलं.

खोट्या उपचाराचा गट म्हणजे दुसरं काही नाही, हेच बंद पाकीट आहे. दूरच्या कृष्णविवरांबद्दल बोलायच्या आधी जर माणसं स्वतःला एवढं फसवून बघत असतील, तर बाईच्या शरीरात लेझर घालायच्या आधी तीन महिन्यांची प्रश्नावली पुरेशी कशी?

मराठवाड्यात हा प्रश्न जास्त जड का

कारण बाईच्या कंबरेखालच्या दुखण्यावर ‘झटपट उपाय’ विकणं आपल्याला नवीन नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. 82,309 बायकांच्या पाहणीत 13,861 बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पांढरं जाणं, पोट दुखणं, पाळीचा त्रास, असल्या तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना थेट मोठी शस्त्रक्रिया सांगितली गेली होती. आणि 2007 मध्ये स्वीडनमधल्या सुमारे साडेसहा लाख बायकांच्या नोंदींवरून असं दिसलं, की गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढं लघवी गळतीसाठी शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. म्हणजे एका घाईच्या उपायातून पुढच्या उपायाचं गिऱ्हाईक तयार होतं.

दुसरं म्हणजे, बायकांना कुणी विचारतच नाही. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली, तो निबंध 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी फक्त 8 टक्के बायकांची झाली होती. आत्याचं अकरा वर्षं गप्प राहणं त्याच रांगेतलं आहे. जी पहिल्यांदा विचारते, ती जाहिरात असते. मग बाई तिच्यावरच विश्वास ठेवणार, त्यात बाईची काय चूक?

स्वस्त उपायाची तपासणीही करू

लेझरला जो नियम, तोच व्यायामालाही लावायला हवा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडला. कॉक्रेनच्या 2018 च्या आढाव्यात या प्रकारच्या गळतीत व्यायाम शिकलेल्यांपैकी 56 टक्के बायकांनी ‘बरी झाले’ असं सांगितलं, आणि तुलनेच्या गटात 6 टक्क्यांनी. फरक मोठा आहे. पण यातही एक खोट आहे: व्यायाम करणारीला आपण व्यायाम करतोय हे माहीतच असतं, इथं बंद पाकीट शक्य नाही. शिवाय नुसतं तोंडी सांगून भागत नाही. 1991 च्या एका छोट्या अभ्यासात 47 बायकांना थोडक्यात तोंडी समजावलं, तर त्यातल्या निम्म्याच बरोबर आवळू शकल्या, आणि चौथा हिस्सा उलट खाली जोर देत होता. त्यानं गळती वाढू शकते. म्हणजे पत्रक वाटून काम होणार नाही. हात धरून शिकवणारी नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट हवी, आणि तीन महिने पाठपुरावा हवा.

तरीही तुलना करा. एका बाजूला कुणालाही न भाजणारा, पैसे न लागणारा, अनेक चाचण्यांतून पुढं आलेला उपाय, ज्याला फक्त शिकवणारं माणूस कमी पडतं. दुसऱ्या बाजूला यंत्र, ज्याचा पुरावा तीन महिन्यांचा. लेझरच्या ज्या चाचणीत आधी नीट शिकवलेला व्यायाम नाही, तिचा निकाल आत्याच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. आत्यापुढचा पर्याय ‘लेझर की काहीच नाही’ हा नाही. ‘लेझर की नीट शिकवलेला व्यायाम’ हा आहे.

मग चांगली चाचणी कशी असेल

2024 मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. उद्या तिथं किंवा कुठंही अशी चाचणी करायची झाली, तर माझ्या अपेक्षा या:

सगळ्या बायकांना आधी तीन महिने व्यायाम शिकवा. ज्यांचा त्रास उरला, त्यांचेच दोन गट करा, खरा लेझर आणि खोटा लेझर. आधार सैल आहे की पकड, हे आधी मोजा. नुसती प्रश्नावली नको. पॅड वजन करून किती गळती झाली ते ग्रॅममध्ये लिहा. निदान वर्षभर बघा, म्हणजे एक पूर्ण काढणी त्यात येईल. भाजलं, दुखलं, काहीही झालं तर ते तेवढ्याच ठळकपणे छापा, आणि त्याचा उपचार फुकट करा. चाचणी सुरू व्हायच्या आधी देशाच्या नोंदणीत ती नोंदवा. 2009 पासून ते बंधनकारक आहे. आणि संमतीपत्र बाईला कळेल अशा मराठीत असू द्या.

हे सगळं करून लेझर जिंकला, तर मी त्याच आनंदानं इथं लिहीन.

तुम्हाला किंवा घरात कुणाला हा त्रास असेल तर

जाहिरात घेऊन जाण्याआधी चार प्रश्न विचारा. माझी गळती दाबाची आहे की घाईची? माझी तपासणी करून ठरवलंत का? हा लेझर खोट्या उपचाराशी तुलना करून तपासलाय का, आणि किती महिने? मी आधी व्यायाम करून पाहिला तर काही बिघडेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुणी ‘हो, उशीर होईल’ असं दिलं, तर जरा थांबा. पण लघवीत रक्त, जळजळ, सतत झिरपणारी गळती किंवा अंग बाहेर येणं असेल, तर मात्र वाट न बघता सरकारी रुग्णालयात दाखवा.

आत्याला मी फोनवर हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं: “पैसे ठेव. आधी तालुक्याला जाऊन तपासून घे आणि व्यायाम शिकून घे. तीन महिन्यांनी बघू.” ती गेली, दोन फेऱ्यांनंतर शिकवणारी भेटली. आता खोकला आला की आधी आवळते, मग खोकते. गळती थांबलेली नाही. कमी झालीय असं ती म्हणते. पण तिला विचारणारी मी आहे, तिची भाची, आणि काढणी संपलेली आहे. त्यामुळे हाही पुरावा धरू नका. पुढच्या फेब्रुवारीत टोपली उचलताना परत विचारीन, आणि जे असेल ते इथं लिहीन.